दादरमधील प्रसूतिपूर्व स्तनपान वर्ग : सासूबाईंना सोबत न्यावे असा

दादर पश्चिमेच्या एका प्रसूतिगृहात चालणाऱ्या स्तनपानविषयक वर्गाला मी सातव्या महिन्यात सासूबाईंसह गेले. गर्भवतीबरोबर घरातील एका ज्येष्ठ स्त्रीने यावे असा तेथे आग्रह असतो, आणि या वर्गाचे मोल मला त्यातच जाणवले. सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध पाजायचे, असे गर्भवती सहज ठरवते. परंतु जन्मल्यावर मध चाटवायचा का, गुटी कधी सुरू करायची, उन्हाळ्यात चमचाभर पाणी द्यायचे की नाही, याचे निर्णय बाळंतिणीला विचारून होतातच असे नाही.

समुपदेशक बाईंनी प्रथम सासूबाईंनाच बोलते केले. ‘आमची मुले गुटीवरच वाढली,’ या त्यांच्या म्हणण्याचा अनादर न करता, आईच्या दुधात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने मुंबईच्या मे महिन्यातही बाळाला वरचे पाणी लागत नाही आणि वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. सुरुवातीचे दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, पण नवजात बाळाला तेवढा सहसा पुरतो, हेही सासूबाईंनी लक्षपूर्वक ऐकले. (‘दूध पुरत नाही’ या एका वाक्यावर पावडरचे किती डबे खपत असतील!) बाहुली घेऊन बाळाला छातीशी कसे धरावे, सिझेरियननंतर कुशीवर निजून कसे पाजावे, याचा सरावही पुरेसा वेळ देऊन करून घेतला.

नोकरीचा भाग मात्र घाईने उरकला. पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. त्यातील आठ आठवडे आधीच घेतले, तर बाळंतपणानंतर १८ उरतात, म्हणजे सहा महिन्यांचा बेत चौथ्या-पाचव्या महिन्यातच अडतो, हे गणित कोणी मांडले नाही. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोनदा सुटी घेता येते, एवढे सांगितले. पण विरारहून चर्चगेटला जाणारीने बाळाला लोकलच्या गर्दीतून न्यायचे कसे? तिला खरा आधार काढून ठेवलेल्या दुधाचा. ते २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, ही माहिती केवळ पत्रकात होती, तीही इंग्रजीत. सासूबाईंना ती मी घरी वाचून दाखवली.

शुल्क वाजवी आहे. मराठी तुकडी लवकर भरते, म्हणून सहाव्या महिन्यातच नाव नोंदवावे.