हाडांची झीज: वजनरहित अवस्था आणि अपुरी झोप
अंतराळ स्थानकात पायांवर भारच पडत नसल्याने हाडातील भार ओळखणाऱ्या पेशी जणू काम संपल्याचा निरोप देतात. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशींचा जोर वाढतो आणि पुरेसा व्यायाम न केल्यास खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्क्यांनी घटते. सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जाते, त्यामुळे मुतखड्याचा धोकाही वाढतो. गंमत म्हणजे ज्या कवटीला एरवीही शरीराचा भार पेलावा लागत नाही, तिची मात्र अशी झीज होत नाही.

अपुऱ्या झोपेची तऱ्हा वेगळी आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात दहा पुरुषांची झोप सुमारे तीन आठवडे रोज 5.6 तासांवर आणून त्यांचे दिवस-रात्रीचे चक्रही विस्कटले, तेव्हा रक्तातील हाडबांधणीचा निर्देशक घटला, तरुणांत तो अधिक घटला, पण झिजेचा निर्देशक जवळपास तसाच राहिला. म्हणजे पहिल्यात पाडकाम वाढते, दुसऱ्यात गवंडी कमी पडतात. अर्थात दहाच माणसांवरून फार ताणू नये.

वेगाचा विचार करता वजनरहित अवस्था निःसंशय अधिक घातक. तिच्यावर रोजच्या सुमारे दोन तासांच्या व्यायामाचा, विशेषतः भार उचलण्यासारख्या व्यायामाचा, उतारा तरी आहे. अंतराळवीरांना मात्र दोन्ही सोसावे लागते, कारण दिवसाला सोळा सूर्योदय पाहणाऱ्या त्या घरात झोप बहुधा सहा तासांच्या आसपासच होते.