जमीन सोलरला भाड्याने द्यावी, की पॅनेलखाली पीक घ्यावं?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. एकरी सुमारे ५० हजार. मुरमाड, कोरडवाहू रानाला एवढं उत्पन्न पावसाच्या भरवशावर निघणं अवघड. तिथे भाडंच बरं. पण वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा असतो, तेवढा काळ नांगर विसरायचा. पंचविसाव्या वर्षी ते भाडं एकरी लाखाच्या आसपास पोचेल. तेव्हा लाखाला काय येईल, याचा विचार सहीआधी करा. शिवाय त्याच रानात राबणाऱ्या मजुरांच्या हातचं काम जातं, ते कुणी हिशेबात धरत नाही.

पॅनेलखालच्या शेतीत माती जिवंत राहते. जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशातल्या शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १०५ किलोवॅटच्या प्रकल्पात पॅनेलांच्या रांगांमध्ये मूग, मटकी घेतली, पॅनेलवरून ओघळणारं पावसाचं पाणीही साठवलं. आपल्याकडे हळद, आलं, पालेभाज्या अशा सावलीत तग धरतात. उन्हाळ्यात ओलही टिकते. ऊस, कापूस, ज्वारीला मात्र भरपूर ऊन लागतं, त्यांचा नाद नको. खरी अडचण खर्चाची: खालून ट्रॅक्टर जायचा तर सांगाडा उंच हवा, मग लोखंड वाढतं, वाऱ्यासाठी पायाही भक्कम लागतो.

बागायती जमीन असेल तर मी भाड्याला ठाम नाही म्हणेन. कंपनी रांगांतलं अंतर वाढवून पिकाचा हक्क करारात लिहून देत असेल, तरच बोलणी पुढे न्यावीत.