माग्लिच किल्ला, सर्बिया: रस्त्यावरून फोटो काढून निघून जाऊ नका

सर्बियात क्राल्येवो शहराच्या दक्षिणेला साधारण २० किमीवर इबार नदीच्या खोऱ्यात हा किल्ला आहे. बरेच लोक हायवेवर गाडी थांबवून फोटो काढतात आणि पुढे जातात, प्लीज तसं करू नका. गाडी खाली लावा, नदी ओलांडा आणि चढा. उंची नदीपासून फक्त १०० मीटरच्या आसपास आहे पण वाट चांगलीच खडी आहे, आम्ही गेलो त्याच्या आदल्या रात्री पाऊस पडलेला त्यामुळे चिखल आणि सुटे दगड, ग्रिपवाले शूज नसते तर मी अर्ध्यातून परत फिरलो असतो. पाणी खालूनच घेऊन जा, वर दुकान वगैरे काही नाहीये.

किल्ला १३व्या शतकातला. सात बुरूज आणि एक मोठा मुख्य बुरूज, म्हणजे इथला बालेकिल्लाच म्हणा. तटाची जाडी जवळजवळ दोन मीटर. आत सेंट जॉर्जच्या चर्चचे आणि वाड्याचे अवशेष आहेत, १४व्या शतकात आर्चबिशप दानिलो दुसरा इथे राहायचा. आता छप्पर कशालाच नाही, भिंतींमधून गवत वाढलंय, आणि मला ते तसंच जाम आवडलं. दुरुस्ती केलीये ती बेताची.

माग्ला म्हणजे धुकं, त्यावरूनच नाव. सकाळी लवकर पोचलो तेव्हा खालून वर काहीच दिसत नव्हतं, दहाच्या सुमारास एकेक बुरूज बाहेर यायला लागला. लोक याला येरिनाचा किल्ला पण म्हणतात, म्हणजे १५व्या शतकातला सर्बियाचा शासक जुराज ब्रांकोविच याची बायको, तिने रयतेला वेठीला धरून किल्ले बांधून घेतले अशा कथा आहेत. पण हा तर तिच्या दोनशे वर्षं आधीचा, बिचारीच्या माथी उगाच मारलाय.

तटावर उभं राहिलं की जागा का निवडली ते लगेच कळतं. इबार डोंगराला तीन बाजूंनी वळसा घालते आणि खोऱ्यातून जाणारा येणारा कोणीही वरून दिसतोच. लहान मुलं असतील तर हात सोडू नका, कडेला कठडे सगळीकडे नाहीयेत. वेळ असेल तर त्याच दिवशी स्तुदेनित्सा मठ पण करा, १९८६ पासून वर्ल्ड हेरिटेज आहे, आम्ही माग्लिचवरच इतका वेळ बसलो की तिथे संध्याकाळी पोचलो.