मेन्साची परीक्षा द्यावी, की आवडीच्या मंडळात जावं?

"दादा, मेन्साची परीक्षा देऊ का?" चुलतबहिणीने परवा फोनवर विचारलं. मेन्सा म्हणजे बुद्धिमापन चाचणीत फार वरचे गुण मिळवणाऱ्यांची जगभरची संघटना. वय 29, नोकरी हिंजवडीत. ऑफिसात जेवताना फ्लॅटचे हप्ते आणि पगारवाढ सोडून विषय निघत नाही. एकदा पहिल्या पावसाचा वास मातीतल्या जिवाणूंमुळे येतो हे ती रंगून सांगत होती, तर समोरच्याने मोबाइल काढला. तेव्हापासून ती मुकाट्याने डबा खाते. तिला गप्पा मारायला माणसं हवी आहेत, आणि ही गरज मला अगदी खरी वाटते. मी स्वतः मेन्साच्या भेटींना गेलोय, आकाशदर्शनाला गेलोय, क्विझलाही बसलोय. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

मेन्सा 1946 साली ऑक्सफर्डला सुरू झाली. रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर हे दोघे संस्थापक. मेन्सा म्हणजे लॅटिनमध्ये टेबल. गोल टेबलाभोवती सगळे सारखे, तिथे जात, धर्म, पैसा विचारायचा नाही, ही मूळ कल्पना. प्रवेशाची अट एकच: मान्य बुद्धिमापन चाचणीत वरच्या 2 टक्क्यांत येणं. आपल्याकडे मेन्साचं काम बरीच वर्षं पुण्यात ज्ञान प्रबोधिनी या शिक्षणसंस्थेच्या आधाराने चाललं, त्यामुळे पुणेकरांना हे नाव तसं जुनं आहे.

हे 2 टक्के म्हणजे नेमके किती? पन्नासात एक. 2011 च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या 31 लाखांच्या वर होती, म्हणजे हिशेबाने साठ हजारांहून जास्त माणसं. साठ मुलांच्या वर्गात सरासरी एखादं असतं. यात कुणाला कमी लेखण्याचा हेतू नाही, पण मेन्सात गेल्यावर सगळे शास्त्रज्ञच भेटतील अशी अपेक्षा ठेवून गेलात तर तुमचीच निराशा होईल. भेटतील ती बँकेतली, दवाखान्यातली, कॉलेजातली माणसं, ज्यांना आकृत्यांमधला नियम चटकन दिसतो. वेगवेगळ्या चाचण्यांतले बुद्ध्यंकाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यातही अर्थ नाही. वेक्सलरच्या चाचणीत 130 च्या आसपास आणि कॅटलच्या चाचणीत 148 म्हणजे तोच वरचा 2 टक्क्यांचा उंबरठा.

परीक्षेचं भय मात्र बाळगू नका. अशा चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा आकृत्याच असतात. नऊ चौकटी, त्यातली शेवटची रिकामी, खाली पर्याय, आणि वर घड्याळ. पाठांतर लागत नाही, इंग्रजी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलीला इथे भाषेचा अडसर येत नाही. ही या वाटेची फार मोठी जमेची बाजू आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही असं मला वाटतं.

मी गेलो त्या पहिल्या भेटीत आम्ही सहा जण होतो. कर्वे रस्त्यालगतचं एक साधं हॉटेल, दोन टेबलं जोडून घेतलेली. एक निवृत्त गृहस्थ, एक सीए करणारा मुलगा, एक पशुवैद्यक ताई, बाकी आमच्यासारखे. बोलणं पीएमटीच्या मार्गांच्या नंबरांवरून निघालं, तिथून रेल्वे स्टेशनांच्या आखूड कोडवर गेलं, आणि मग त्या मुलाने विचारलं की आपण 'नऊवीस' का म्हणत नाही, 'एकोणतीस' का? म्हणजे तिसाला एक उणा. ताईंनी लगेच एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी रांग लावली आणि नव्याण्णवपाशी अडकल्या, कारण तिथे 'एकोणशंभर' नाही. कपातला चहा गार झाला. दोन तासांत कुणीही कुणाला "मुद्द्यावर ये" म्हणालं नाही. मेन्सात मिळतं ते हे: विषय कुठलाही असो, समोरचा दमत नाही.

पण हीच तिची मर्यादाही आहे. बुद्धी सारखी असली तरी आवड सारखी असेलच असं नाही. एकाला शेअर बाजार, दुसऱ्याला सुदोकू, तिसऱ्याला मोडी लिपी. मेन्सात आवडीनुसार छोटे गट असतात, पण आपल्या गावात आपल्या आवडीचा गट चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावं लागतं. नसेल तर दर भेटीला ओळखीपासून सुरुवात होते.

आता दुसरी बाजू, आवडीच्या मंडळांची. आकाशदर्शन करणाऱ्यांची पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 सालची. आत जायला आकाशाची ओढ पुरते, बुद्ध्यंक कुणी विचारत नाही. माझा तिथल्यासारख्या एका रात्रीचा अनुभव सांगतो. डिसेंबर, अमावास्येच्या जवळचा शनिवार, शहराबाहेरचं माळरान. दुर्बिणीतून मला देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा) दिसेना, नुसता धुरकट काळोख. शेजारचे काका म्हणाले, "सरळ बघू नकोस रे, जरा बाजूला नजर ठेव." मी डोळा किंचित वळवला आणि तो लांबट पांढुरका डाग एकदम वर आला. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात, कडेला असतात, म्हणून असं करायचं. सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड, आणि तो पाहायला मला शिकवलं कुणी, तर आयुष्यभर बघत आलेल्या माणसाने.

अशा मंडळात ओळख हळूहळू होते, पण टिकते. पुढच्या अमावास्येला तेच काका भेटतात, मागच्या वेळचं अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू होतं. सहा महिन्यांत तुम्हीच नवख्याला "बाजूला बघ" सांगायला लागता. अडचण इतकीच की पावसाळ्याचे चार महिने आकाश बंद, आणि रात्रभर जागायची तयारी हवी.

बोट क्लब क्विझ क्लब हा तिसरा पर्याय. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या नदीकाठच्या बोट क्लबवरून हे नाव आलंय. क्विझची मजा वेगळीच असते. प्रश्न नुसत्या पाठांतराचे नसतात, धागेदोरे जुळवून उत्तर काढायचं असतं, आणि टीम असली की अनोळखी माणसाशी पाच मिनिटांत गट्टी जमते. पण कारभार बहुतेक इंग्रजीत चालतो, आणि जगभरचे सिनेमे, खेळ, जाहिराती यांची माहिती नसेल तर सुरुवातीचे दोनतीन महिने गप्प बसून काढावे लागतात. मराठी माध्यमातून आलेल्याने हे धरूनच जावं. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबबद्दल एवढंच: तिथे भाषण सुधारतं, पण गप्पांची भूक भागवणं हा त्याचा हेतूच नाही.

आई-बाबा लहान मुलासाठी हा प्रश्न विचारतात तेव्हा माझं उत्तर बदलतं. एका आकड्यावर मुलाची ओळख ठरवू नका. ज्ञान प्रबोधिनीने 1962 पासून बुद्धीवर काम केलंय आणि मानसशास्त्रज्ञ गिलफर्डच्या मांडणीचा आधार घेऊन बुद्धीचे अनेक पैलू वेगवेगळे पाहिलेत. स्मरण वेगळं, नवं सुचणं वेगळं, पारख वेगळी. मुलाला आधी करायला काहीतरी द्या. चाचणी पुढे कधीही देता येते.

बहिणीला मी स्पष्ट विचारलं, "तुला एखादा विषय खोल करायचाय, की सगळ्याच विषयांवर बोलायला कुणी हवंय?" ती म्हणाली, "दुसरं." मग तिच्यासाठी मेन्साच बरी, असं मी सांगितलं. एखाद्या विषयाने झपाटलेली असती तर उलट सांगितलं असतं आणि परीक्षेचे पैसे वाचवायला लावले असते. अर्ज भरण्याआधी आंतरराष्ट्रीय मेन्साच्या यादीत भारतातली अधिकृत शाखा कोणती ते पाहून घे, पैसे तिथेच भर, आणि जमलं तर सदस्य होण्याआधी एखाद्या खुल्या भेटीला जाऊन ये, हेही बजावलं. इंटरनेटवरच्या फुकट चाचणीतला आकडा प्रवेशाला चालत नाही.

शेवटी तिने भीत भीत विचारलं, "आणि नापास झाले तर?" मी म्हटलं, त्या दिवशी संध्याकाळी घरी ये, पावसाच्या वासाचं ते पुन्हा पहिल्यापासून सांग, मला जिवाणूचं नाव आठवत नाहीये. आणि डिसेंबरात माझ्याबरोबर आकाश बघायला चल. स्वेटर आण, पहाटे तीनला माळावर फार गारठा असतो.