अमेरिकेत 'प्राइस मॅच': बेस्ट बाय, टार्गेट, कॉस्टको की वॉलमार्ट?

भारतात पाकिटावर एमआरपी छापलेली असते, त्यामुळे वस्तूला जास्तीत जास्त किती पैसे मोजायचे हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असते. अमेरिकेत अशी छापील कमाल किंमत नाही. एकाच टीव्हीचा दर एकाच दिवशी तीन दुकानांत तीन प्रकारचा असू शकतो आणि घेतल्यानंतर आठवडाभरात तो त्याच दुकानात आणखी खालीही येऊ शकतो. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या काही महिन्यांत टीव्ही, लॅपटॉप, व्हॅक्यूम क्लीनर, मायक्रोवेव्ह, गादी अशा बऱ्याच वस्तू एकदम घ्याव्या लागतात. अशा वेळी कोणते दुकान 'प्राइस मॅच' करते आणि नेमके काय करते, हे आधी समजून घेतले तर पैसे खरोखर वाचतात.

या एका नावाखाली दोन वेगळी आश्वासने वावरतात आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो. पहिले आश्वासन खरेदीच्या क्षणाचे असते: दुसऱ्या दुकानात हीच वस्तू स्वस्त मिळत असेल, तर आम्हीही त्याच दराने देऊ. दुसरे खरेदीनंतरचे असते: तुम्ही वस्तू नेल्यावर ठरावीक मुदतीत आमचाच दर उतरला, तर फरक परत करू. काही दुकाने दोन्ही देतात, काही फक्त दुसरे देतात आणि काही कोणतेच देत नाहीत. पुढील तुलना याच कसोटीवर केली आहे. धोरणे मधूनमधून बदलतात, म्हणून मोठ्या खरेदीच्या दिवशी दुकानाच्या संकेतस्थळावरचे नियम एकदा वाचून घ्यावेत.

बेस्ट बाय

दोन्ही आश्वासने देणाऱ्या दुकानांच्या मोठ्या साखळ्यांत बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्स विकणाऱ्या साखळीचे नाव प्रथम घ्यावे लागते. 2012 च्या सुमारास या दुकानाची स्थिती बिकट होती, कारण लोक तिथे येऊन टीव्ही पाहत, विक्रेत्याकडून शंका फेडून घेत आणि खरेदी मात्र अ‍ॅमेझॉनवर करत. त्या वर्षी मुख्य अधिकारी म्हणून आलेल्या ह्युबर्ट जोली यांच्या कारकिर्दीत, 2013 पासून, ऑनलाइन प्रतिस्पर्ध्यांच्या दराशी बरोबरी करण्याचे धोरण कायमचे लागू झाले. आजही अ‍ॅमेझॉनसह काही ठरावीक संकेतस्थळांचा आणि परिसरातील प्रतिस्पर्धी दुकानांचा दर तिथे ग्राह्य धरला जातो.

प्रत्यक्ष काउंटरवर काय होते, ते जरा तपशिलाने पाहू. तुमच्या मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटवर सहसा काम भागत नाही, कारण कर्मचारी स्वतःच्या संगणकावर ते पान उघडून पाहतो. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि रंग तंतोतंत तोच आहे का, माल आत्ता उपलब्ध आहे का आणि विकणारा कोण आहे, या तीन गोष्टी तो तपासतो. बहुतेक विनंत्या तिसऱ्या मुद्द्यावर फेटाळल्या जातात. अ‍ॅमेझॉनच्या पानावर वस्तू दिसली तरी ती विकणारा एखादा तिसराच व्यापारी असू शकतो आणि त्याचा दर बेस्ट बाय मानत नाही. त्यामुळे 'सोल्ड बाय' या ओळीसमोर अ‍ॅमेझॉनचेच नाव आहे ना, हे घरूनच पाहून निघावे. अ‍ॅमेझॉनचे दर दिवसातून अनेकदा बदलू शकतात, म्हणून काउंटरवर उभे राहिल्यावर पान पुन्हा एकदा ताजे करून पाहणेही गरजेचे आहे.

समजा, न्यू जर्सीतील एडिसनमध्ये एका टीव्हीवर 649 डॉलरची चिठ्ठी आहे आणि अ‍ॅमेझॉन स्वतः तोच टीव्ही 579 डॉलरला विकत आहे. दर जुळवून घेतला तर 70 डॉलर वाचतात आणि विक्रीकर कमी झालेल्या रकमेवर लागतो. तिथला कर 6.625 टक्के असल्याने एकूण बचत सुमारे 74 डॉलर 64 सेंट होते. शिवाय टीव्ही त्याच दिवशी घरी येतो आणि बिघडला तर परत न्यायला जवळ दुकान असते.

खरेदीनंतर परतीच्या मुदतीत बेस्ट बायचा स्वतःचा दर उतरला, तर मागणी केल्यावर फरक मिळतो. साधारण ग्राहकासाठी ही मुदत बहुतेक वस्तूंना 15 दिवसांची असते आणि पैसे भरून घेतलेल्या सदस्यत्वावर ती 60 दिवसांपर्यंत वाढते. मात्र ओपन-बॉक्स (खोके उघडलेल्या) आणि रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेल्या) वस्तू, क्लिअरन्समधला (संपवून टाकायचा) माल, कूपन वापरून मिळणारा दर, एकावर एक भेट असलेल्या जोड्या आणि काही तासांपुरत्या सवलती या हमीत बसत नाहीत. थँक्सगिव्हिंगपासून (नोव्हेंबरमधला चौथा गुरुवार) पुढच्या सोमवारपर्यंतच्या सवलतीही बसत नाहीत, म्हणजे दर सर्वांत जास्त उतरतात नेमके तेच दिवस यातून वगळलेले आहेत. ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सवलतींच्या शुक्रवारी, प्राइस मॅचच्या भरवशावर जाऊ नये.

टार्गेट

टार्गेटबद्दल जुन्या मंडळींकडून मिळणारा सल्ला आता शिळा झाला आहे. अनेक वर्षे हे दुकान अ‍ॅमेझॉन आणि वॉलमार्टच्या दराशी बरोबरी करत असे. 28 जुलै 2025 पासून ते बंद झाले. आता टार्गेट फक्त स्वतःच्याच दराशी बरोबरी करते: दुकानातला आणि संकेतस्थळावरचा दर वेगळा असेल, किंवा खरेदीनंतर 14 दिवसांत दर उतरला, तर फरक मिळतो. दुकानातल्या फळीवरचा आणि टार्गेटच्याच अ‍ॅपमधला दर पुष्कळदा जुळत नाही, त्यामुळे उरलेली ही सोयही अगदीच क्षुल्लक नाही. चादरी, भांडी, लहान मुलांचे सामान घेताना अ‍ॅपमध्ये बारकोड स्कॅन करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. टीव्ही-लॅपटॉपसाठी मात्र हमीच्या दृष्टीने टार्गेट आता बेस्ट बायच्या मागे पडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉस्टको

कॉस्टको दुसऱ्या कोणाचाही दर जुळवून देत नाही. वर्षाला 65 डॉलर भरून सदस्य व्हायचे आणि आतला दर आहे तसा स्वीकारायचा, असा तिथला व्यवहार आहे. त्याबदल्यात खरेदीनंतर 30 दिवसांत त्यांचा स्वतःचा दर उतरला तर फरक परत मिळतो. गोदामातली (म्हणजे कॉस्टकोच्या प्रत्यक्ष दुकानातली) खरेदी असेल तर सदस्य-सेवा काउंटरवर सांगायचे आणि ऑनलाइन असेल तर संकेतस्थळावर अर्ज भरायचा. गोदामातला आणि संकेतस्थळावरचा दर मात्र ते एकमेकांशी जुळवत नाहीत. ही तीस दिवसांची मुदत बेस्ट बायच्या पंधरा आणि टार्गेटच्या चौदा दिवसांच्या निदान दुप्पट आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी परतीची मुदत तर 90 दिवसांची आहे. टीव्ही आणि संगणकांवरची वॉरंटीही कॉस्टको दुसऱ्या वर्षापर्यंत वाढवून देते. चिठ्ठीवरचा दर वीस-पंचवीस डॉलरने जास्त दिसला तरी ही वाढीव वॉरंटी हिशेबात धरावी, कारण दुसरीकडे तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

इथे मॉडेल क्रमांकाची एक अडचण सांगितलीच पाहिजे. टीव्ही, गाद्या आणि घरगुती यंत्रे यांचे उत्पादक निरनिराळ्या साखळ्यांसाठी थोडे वेगळे मॉडेल काढतात. फरक कधी एखाद्या अक्षराचा, कधी सोबतच्या रिमोटचा असतो. पण क्रमांक वेगळा म्हणजे वस्तू वेगळी, असा काउंटरवरचा नियम असल्याने कॉस्टकोचा दर दाखवून दुसरीकडे बरोबरी मागणे बहुतेक वेळा फसते. गाद्यांच्या बाबतीत तर नावेच इतकी बदललेली असतात की तुलना करणेच कठीण जाते.

वॉलमार्ट, अ‍ॅमेझॉन आणि इतर

वॉलमार्टने 2014 मध्ये 'सेव्हिंग्ज कॅचर' नावाची सोय आणली होती. पावती स्कॅन केली की जवळच्या दुकानांच्या जाहिरातींतला कमी दर शोधून फरक खात्यात जमा होई. 2019 च्या मे महिन्यात ती बंद पडली. आज प्रतिस्पर्ध्याचा दर जुळवून मिळेल ही अपेक्षा तिथे ठेवू नये. अ‍ॅमेझॉनही प्राइस मॅच करत नाही. घरदुरुस्तीचे सामान किंवा फ्रिज, वॉशिंग मशीन घ्यायचे असेल तर होम डेपो आणि लोज ही दोन दुकाने एकमेकांचा दर जुळवून देतात, त्यामुळे जवळच्या दुकानात खरेदी करून दुसऱ्याचा दर दाखवणे सोयीचे पडते.

ही हमी म्हणजे दुकानाचे औदार्य नव्हे, हे निर्णय घेताना लक्षात ठेवावे. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन सॅलप यांनी 1986 मध्येच दाखवून दिले होते की अशा हमीमुळे प्रतिस्पर्धी दर उतरवायला कचरू शकतात, कारण उतरवलेला दर समोरचा लगेच जुळवणार असेल तर त्याचे गिऱ्हाईक ओढता येत नाही. शिवाय फरक मिळतो तो मागणाऱ्यालाच. न मागणारा पूर्ण दर देतो आणि त्याच्या जिवावर दुकानाला ही हमी परवडते. काउंटरवर मागायला संकोच वाटत असेल, तर तो बाजूला ठेवावा. तिथला कर्मचारी दिवसभर हेच काम करत असतो आणि यात घासाघीस मुळीच नाही.

कोणी कुठे जावे, याचे उत्तर वस्तूवर आणि तुमच्या स्वभावावर अवलंबून आहे. ऑगस्टमध्ये येऊन लगेच लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याने बेस्ट बायमध्ये जाऊन अ‍ॅमेझॉनचा दर जुळवून घ्यावा. पण त्याआधी उत्पादकाच्या संकेतस्थळावरची विद्यार्थी-सवलत पाहावी, कारण ती दुकान सहसा जुळवत नाही. संसार थाटणाऱ्या आणि दराच्या मागे फिरायला वेळ नसलेल्या दांपत्याला कॉस्टको बरे पडेल, मात्र महिन्याभरात त्यांनी एकदा दर तपासून पाहिला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये टीव्ही घेणाऱ्यांनी शक्य असल्यास नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत थांबावे, कारण दिवाळीच्या सुमारास घेतलेल्या टीव्हीची पंधरा दिवसांची मुदत ब्लॅक फ्रायडे येण्याआधीच संपण्याचा संभव असतो. थांबणे शक्य नसेल, तर ज्या दुकानाची परतीची मुदत त्या तारखेच्या पुढे जाते तिथेच घ्यावे आणि पावती ईमेलवर मागून ठेवावी.