पद्मिनीच्या दाराचं ‘नवं’ लॉक आणि चंदेरी स्प्रे

ठाण्यातल्या एका गॅरेजने १९८४च्या प्रीमियर पद्मिनी गाडीची चारही दारांची लॉक बदलल्याचे १८ हजार घेतले. माल म्हणे कंपनीचा, जुन्या स्टॉकमधला, डबाबंद. दीड महिन्यात घोडबंदर रोडवर ड्रायव्हरचं दार चालत्या गाडीत अर्ध्या खटक्यावर आलं, म्हणजे पुरतं बंद न राहता नुसतं अडकून राहिलं. आतलं पॅनल काढलं तर लॉक गाडीचंच, जुनं. गंजावरच चंदेरी स्प्रे मारलेला. रिव्हेटच्या डोक्यांवरूनही रंग सलग गेलेला, आणि नखाने खरवडल्यावर खाली तांबूस खड्डे.

त्याहून वाईट म्हणजे लॉकमधल्या, दार धरून ठेवणाऱ्या झिजलेल्या दातावर वेल्डिंगचा थर चढवून तो ग्राइंडरने घासला होता. दाताला पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं असतं, ते वेल्डिंगच्या उष्णतेने उतरतं. मऊ पडलेला दात लवकर गोल होतो आणि खड्ड्यातल्या हादऱ्याने सुटतो. डुक्कर फियाटवाल्यांनी (म्हणजे जुनी फियाट ११००) तर हे फारच जपावं. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या कडेला असतात. खटका सुटला की वाराच दार फाकवतो.

मुळात लॉक बदलायची गरजच नव्हती, दार लटकलं होतं. दार अर्धं उघडून टोकाला वर उचलून बघा. बिजागरीत २-३ मिमी खेळ दिसला तर पिन आणि बुश गेले. मग लॉक स्ट्रायकरवर (चौकटीवरचा, लॉक ज्यात अडकतं तो भाग) खाली आपटतं, दार दोनदा आपटावं लागतं आणि गॅरेजवाला लॉक विकतो. आधी पिन-बुश बदला, मगच स्ट्रायकरला हात लावा. त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून स्क्रू जेमतेम सैल करा आणि एका वेळी १ मिमीच सरकवा. खडू फासून दार हळू लावलं की कुठे घासतंय ते कळतं.

मळलेलं लॉक रात्रभर डिझेलमध्ये ठेवून ब्रशने साफ करा, ग्रीस अगदी थोडं. ग्रीसने थापलेलं लॉक परत आलं तर पुसायला लावा, त्याखाली रिव्हेटचा ढिलेपणा लपतो. दाराच्या तळाची भोकंही तारेने मोकळी करा, नाहीतर पावसाचं पाणी आत साठून लॉक पुन्हा गंजतं.

काम द्यायच्या आधी लॉकवर पंचने दोन ठिपके मारून फोटो काढा. गाडी घेताना, पैसे देण्याआधी, दार उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने दात आत ढकला. दोन खटके ऐकू यायला हवेत, आणि उलटा ढकलून तो सुटता कामा नये. मग हँडल ओढून दात मोकळा करा आणि त्यानंतरच दार लावा.