छोट्या इलेक्ट्रिक पिकअपवर काय बसवावं आणि कशावर पैसे घालू नयेत

पहाटे चार वाजता मार्केट यार्डात टोमॅटो भरताना हमाल मला एकच विचारतो, "शेठ, किती घेऊ?" गाडी कोणत्या कंपनीची, स्क्रीन केवढी, हे कोणी विचारत नाही. क्रेटमध्ये 20 किलो माल, क्रेटचं स्वतःचं वजन धरून साधारण 22 किलो. गाडी 750 किलो उचलणारी असेल तर 34 क्रेट बसतात. पुण्यातल्या हॉटेलांना भाजी पोचवायचा माझा धंदा याच 34 वर चालतो. म्हणून गाडीवर काहीही चढवायचं झालं की मी आधी विचारतो, याने किती क्रेट कमी होतील?

नवी गाडी घेणारे बरेच जण फोन करून विचारतात, काय काय बसवून घेऊ. डिझेलच्या छोट्या हत्तीवर शंभर किलोचं लोखंड जास्त चढलं तर थोडं डिझेल जास्त लागायचं, एवढंच. इलेक्ट्रिकमध्ये तेच लोखंड मालाची जागाही खातं आणि दुपारच्या फेरीचे किलोमीटरही खातं. 2022 साली आलेल्या टाटा एस ईव्हीत 21.3 किलोवॅट-तासांची, म्हणजे तेवढ्या युनिटची, बॅटरी होती. जून 2025 मध्ये 6.50 लाखांपासून आलेल्या एस प्रो ईव्हीत 14.4 ची आहे आणि कागदावरची रेंज (एका चार्जमधलं अंतर) 155 किलोमीटर. ऑक्टोबर 2024 मध्ये महिंद्राची झिओ 7.52 लाखांपासून आली, तिची रेंज 160 पर्यंत सांगतात. कागदावरच्या आकड्यातून मी सरळ तिसरा हिस्सा वजा करतो आणि उरलेल्यावर दिवस आखतो. भरलेली गाडी, उन्हाळा, कात्रजचा चढ, सगळं त्यात येतं.

खुला हौदा की बंद कंटेनर

सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो पासिंगच्या आधी घ्यायचा. बॉडीचा प्रकार आरसी बुकात नोंदलेला असतो. नंतर बदलायचं ठरवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीत दुरुस्ती, दोन्ही करावं लागतं. त्यात गाडी उभी राहते ती वेगळीच.

पत्र्याचा हिशेब मांडू. हौदा साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि कंटेनर पाच फूट उंच धरला, तर चार बाजू आणि छप्पर मिळून साधारण 139 चौरस फूट पत्रा लागतो, म्हणजे 13 चौरस मीटरच्या आसपास. 1.2 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा घेतला तर नुसत्या पत्र्याचं वजन 120 किलो. त्याच जाडीचं ॲल्युमिनियम 42 किलोत बसतं. मधला फरक जवळपास 80 किलो, म्हणजे फेरीला चार क्रेट. दिवसाला दोन फेऱ्या आणि महिन्याला 25 दिवस धरले तर 200 क्रेट झाले. ॲल्युमिनियम महाग पडतं हे खरं, पण ते महाग आहे की नाही हे बॉडीवाल्याच्या कोटेशनवरून ठरवू नका. 200 क्रेटच्या भाड्याशी लावून बघा. सांगाड्याचे अँगल अजून यात धरलेलेच नाहीत.

खुल्या हौद्यावर ताडपत्री, दोर आणि हुक मिळून दहा-बारा किलोंत काम होतं. भाजी, पाण्याचे जार, सिमेंट, फर्निचर, प्लंबिंगचे पाइप, यातलं काही वाहत असाल तर मी खुला हौदाच सांगेन. भाजीला वारा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद पत्र्याच्या डब्यात ठेवलेली मेथी अकरा वाजेपर्यंत काळवंडते, हे मी स्वतः पाहिलंय. कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली, वर ताडपत्री आणि मागून हवा खेळायला वीतभर फट, अशा मांडणीत दुपारपर्यंत टवटवीत राहतात. उंच पाइप किंवा कपाट आलं तर छप्पर आडवं येत नाही, हा फायदा आहेच.

बंद कंटेनर कोणाला हवा? कुरिअर, औषधं, किराणा, बेकरी, कपडे, म्हणजे ज्या मालाला पाऊस आणि चोरी दोन्हीची भीती आहे. दहा ठिकाणी गाडी उभी करून आत जायचं असेल तर कुलूप लावता येणारी बॉडी लागतेच, तिथे वजनाचा विचार दुसरा. फक्त उंची गरजेपुरतीच घ्या. गावातल्या तीस-चाळीसच्या वेगाला वाऱ्याचा विरोध फारसा जाणवत नाही, पण हायवेला साठच्या वर उंच डबा बॅटरी झपाट्याने खातो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो.

मधला मार्गही आहे: खुला हौदा, त्यावर पाइपच्या कमानी आणि जाड ताडपत्रीचं छत. किराणा आणि भाजी आलटून-पालटून वाहणाऱ्याला हे परवडतं. पावसाळ्यात मात्र शिवणीतून पाणी झिरपतं, म्हणून ताडपत्री शिवलेली घेऊ नका, चिकटवलेली घ्या.

चार्जिंगचा पॉइंट

बॉडीनंतर पैसा इथे घालायचा. शोरूममध्ये सांगतात, "घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होते." खरं आहे, पण कोणत्या सॉकेटवर? पहिल्या महिन्यात मी पार्किंगमधल्या जुन्या पॉइंटवरून एक्स्टेंशन बोर्ड ओढला होता. चौथ्या रात्री जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. खाली जाऊन प्लग उपटला तर पिन हातात धरवत नव्हती आणि बोर्डाच्या भोकाभोवती तपकिरी कडं उमटलं होतं. फ्रिज किंवा गिझर थोडा वेळ भार घेतो आणि बंद होतो. गाडी मात्र पाच-सहा तास सलग पूर्ण भार ओढते. 14.4 ची बॅटरी साधारण तीन किलोवॅटने भरायची तर तेवढा वेळ लागतोच, 21.3 च्या बॅटरीला सात-आठ तास.

म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, 20 अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा), चांगल्या प्रतीचं औद्योगिक सॉकेट आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. भिंतीवरच्या पेटीला झाकण हवं, पावसाळ्यात तिरका मारा येतो. वायरमनला सांगून अर्थिंग मोजून घ्या, तोंडी हमीवर सोडू नका. घरचा मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे तो वाढवून घ्या. सोसायटीत राहत असाल तर कमिटीचं पत्र आधी मिळवा आणि मग तार ओढा.

भिंतीवर लावायचा वेगळा चार्जर घ्यावा का? गाडीतला चार्जर तीनच किलोवॅट घेणारा असेल तर सात किलोवॅटच्या बॉक्सने काही लवकर होत नाही. गाडी जेवढं घेते तेवढंच घेणार. बॉक्सवर पैसे घालण्याआधी गाडीच्या माहितीपत्रकात हा आकडा बघा. जलद चार्जिंगची सोय असलेलं मॉडेल घ्यायचं की नाही, हे फेऱ्यांवर ठरतं. सकाळी निघून दुपारी दोनला घरी येणाऱ्याला रात्र पुरते. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या करणाऱ्याने मात्र तिथे हात आखडता घेऊ नये, कारण दुपारच्या जेवणाच्या तासातच त्याची दुसरी पाळी भरते.

घाटाखाली काम असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बॅटरी काठोकाठ भरून दिवे घाट उतरायला लागलात तर गाडी रोखताना मोटर जी वीज परत बॅटरीत पाठवते, ती साठवायला जागाच नसते आणि गाडी नेहमीसारखी धरत नाही. उतारावर घर असेल तर थोडं कमी चार्ज करून निघा.

पाटे, टायर आणि हौद्याचा तळ

"एक पाटा वाढवून देतो, निवांत टनभर घाला," असं गॅरेजवाले सांगतात. पाटा म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी. पाटा वाढवल्याने आरसीतली वहनक्षमता वाढत नाही. जादा भार पकडला गेला तर कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. मोकळ्या गाडीला जास्त पाट्यांमुळे हादरे बसतात आणि अंडी, काच, टोमॅटो वाहणाऱ्याचं नुकसान होतं. टनभर माल रोजचाच असेल तर टनाची गाडी घ्या. एस ईव्हीची 1000 हे नाव असलेली आवृत्ती त्याच गरजेसाठी 2024 मध्ये आली.

टायर बदलताना आकाराबरोबर त्यावरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, बघा. गाडीबरोबर आलेले टायर सहज फिरणारे असतात, त्यांच्या जागी रुंद किंवा खोल खाचांचे टायर टाकले की रेंज घसरते. हवा भरायचा छोटा पंप आणि गेज जवळ ठेवा. दर सोमवारी मी हवा बघतो.

हौद्याच्या तळाला तीन मिलिमीटरची लोखंडी चेकर्ड प्लेट मारायची पद्धत आहे. साडेसहा बाय साडेचारच्या तळाला ती 65 किलोंच्या वर जाते, म्हणजे तीन क्रेट. दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट 16-17 किलोंत होते, पाच मिलिमीटरची रबरी मॅट 20 किलोंच्या आत. भाजीवाल्याला रबर बरं, क्रेट सरकत नाहीत. पण आठवड्यातून एकदा मॅट उचलून खालचं पाणी पुसावं लागतं, नाहीतर तळ गंजतो.

केबिनमधल्या वस्तू

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. बारा व्होल्टचा छोटा पंखा घ्या, तो नगण्य वीज खातो. एसी असलेलं मॉडेल घ्यायचं झालं तर तासाला एक युनिट धरा. 14.4 च्या बॅटरीत कागदावरच्या रेंजने ते तासाला दहा किलोमीटर होतात. दिवसभर ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हरसाठी मी ते दहा किलोमीटर द्यायला तयार आहे. ड्रायव्हर थकला की गाडी आपटते. सीटची चांगली गादी आणि मोबाइल होल्डर घ्याच, म्युझिक सिस्टीम नंतर बघता येईल.

मागचा कॅमेरा कामाचा आहे, बाजारात मागे घेताना पायाशी पोरं आणि हातगाड्या असतात. पण तो बसवतानाच मला भुर्दंड पडला. एका दुकानात मुलाने वायरिंगच्या गुच्छातली एक तार सोलून तिथे जोड दिला. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर लाल खूण आली आणि गाडी तीन दिवस वर्कशॉपात पडून राहिली. त्या तीन दिवसांत दोन हॉटेलांनी दुसरा भाजीवाला धरला. यातून एवढं शिकलो: जोड फक्त कंपनीच्या सॉकेटला किंवा फ्यूज बॉक्समधून वेगळा फ्यूज घालून द्यायचा, तार कापून कधीच नाही. केशरी आवरणाच्या जाड तारांना तर कोणाला बोटही लावू देऊ नका, त्या मुख्य बॅटरीच्या आहेत.

पुढचा लोखंडी गार्ड लावू नका. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना असे गार्ड काढायला सांगितलंय, आणि वजन पुन्हा आपल्याच मालातून जातं. परावर्तक पट्ट्या मात्र चांगल्या घ्या, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेसला जाते, तेव्हा त्या तपासतात. पहाटेच्या अंधारात हायवेकडेला उभी असलेली गाडी त्यांच्यामुळेच दिसते.

विम्याच्या कागदात

मालवाहू गाडीच्या विम्यात टायर, दिवे, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजू आणि रंगाचं नुकसान वेगळं मागितल्याशिवाय येत नाही. त्यासाठी आयएमटी (इंडिया मोटर टॅरिफ) 23 हे जादा कलम जोडून घ्यावं लागतं. गावात चालणाऱ्या पिकअपचे नेमके हेच भाग ठोकले जातात. बाहेरून बसवलेल्या कॅमेरा, स्टिरिओसारख्या विजेच्या वस्तूंसाठी आयएमटी 24 आहे. पॉलिसीवर हे आकडे छापलेत का, ते एजंटासमोरच वाचून घ्या. कंटेनरची किंमतही पॉलिसीत वेगळी लिहून घ्या, नाहीतर अपघातानंतर फक्त गाडीचे पैसे मिळतात आणि बॉडी तुमच्या खर्चात जाते.

बॉडी आणि बाकी सगळं बसवून झालं की पहिला माल भरण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या. काट्याची पावती आणि बॉडीवाल्याचं बिल, दोन्हीची एकेक झेरॉक्स एजंटाला द्या आणि मूळ प्रती आरसीबरोबर ठेवा.